उत्तर मिळाले की प्रश्न का पुसला जातो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जमिनीच्या कागदपत्रांविषयी सल्ला देणारे कितीतरी मराठी गट आज समाजमाध्यमांवर चालतात. वारस नोंद कशी लावावी, सातबाऱ्यावर चुकलेले क्षेत्र कोण दुरुस्त करतो, हक्कसोडपत्र लिहून दिल्यावर ते मागे घेता येते का, असे प्रश्न तेथे रोज येतात. आणि महसूल खात्यातून निवृत्त झालेले माझ्यासारखे काही कर्मचारी, काही वकील आणि खेटे घालून घालून शहाणे झालेले काही शेतकरी त्यांना विनामूल्य उत्तरे देतात. या मंडळींची एक तक्रार नेहमीची आहे. उत्तर मिळाले की विचारणारा आपला प्रश्न काढून टाकतो, आणि फेसबुकसारख्या ठिकाणी मूळ मजकूर काढला की त्याखाली लिहिलेली सगळी उत्तरेही त्याच्याबरोबर जातात. मग ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण कोणीतरी हमखास ऐकवतो आणि चर्चा तेथेच मिटते. मला हा निवाडा घाईचा वाटतो. प्रश्न पुसणारे थोडे लोक बेफिकीर असतील, परंतु बहुतेकांच्या पुसण्यामागे भीती किंवा संकोच असतो, आणि त्या भीतीला आपली गावे, आपली भाऊबंदकी आणि काही अंशी आम्ही उत्तर देणारेही कारणीभूत आहोत, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त पुसला जाणारा प्रश्न माहेरच्या जमिनीतील हिश्श्याचा आहे. वडील वारले, भावांनी सही करायला तालुक्याला बोलावले आहे, सही करू का, एवढाच तो प्रश्न असतो. पण त्याचे उत्तर दोन ओळींत देता येत नाही. हिंदू वारसा कायद्यातील जी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, तिने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क दिला, आणि त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या खटल्यात स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटप झाले असेल, तर ते वाटप कायम राहते. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केले नसेल, तर १९५६ च्या मूळ कायद्यानेच मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे. मृत्युपत्र असेल तर गोष्ट वेगळी. त्यातून महाराष्ट्रात आणखी एक गुंता आहे. आपल्या राज्याने २००५ ची वाट न पाहता २२ जून १९९४ पासूनच मुलींना हा हक्क दिला होता, परंतु त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाची अशी अट नाही. तरीही १९९४ पूर्वी लग्न झालेल्या, आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कितीतरी बायका ‘माझे लग्न आधीचे, मला काही मिळत नाही’ असे धरून चालतात, आणि त्यांना ते सांगणारेही घरचेच असतात.

एवढे सगळे कोणीतरी सविस्तर लिहितो, दुसरा त्यात भर घालतो, तिसरा एक चूक दुरुस्त करतो, ती बाई ‘धन्यवाद दादा’ असे लिहिते आणि संध्याकाळपर्यंत सगळे नाहीसे होते. कारण उघड आहे. त्याच गटात तिचा भाचा आहे, चुलत दीर आहे, गावातला एखादा उत्साही पुढारी आहे. तिने अजून हिस्सा मागितलेला नाही, मागायचा की नाही हेही तिचे ठरलेले नाही. तिला फक्त आपला हक्क काय आहे ते जाणून घ्यायचे होते. आपल्याकडे मात्र बहिणीने विचारले म्हणजे तिने मागितले, आणि मागितले म्हणजे माहेर तोडले, असाच हिशेब होतो. भाऊबीजेला जायचे आहे, आई अजून त्याच घरात आहे, आणि एका स्क्रीनशॉटने सगळे बिघडू शकते. अशा बाईने प्रश्न पुसला तर तिला कृतघ्न म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जाणण्याचा हक्क तिने बजावला, आणि त्याची किंमत मोजावी लागू नये म्हणून प्रश्न पुसला.

बाकीची कारणे यापेक्षा साधी आहेत. फेरफार (सातबाऱ्यावरील बदलाची नोंद) अडला म्हणून तलाठ्याविरुद्ध, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याविरुद्ध, कोणी लिहितो आणि काम मार्गी लागताच घाबरून काढून टाकतो, कारण उद्या पुन्हा त्याच कार्यालयाची पायरी चढायची असते. कोणाचा दावा न्यायालयात असतो आणि आपल्या अशिलाने ‘आमचे तोंडी वाटप झाले होते’ असे जाहीरपणे लिहून ठेवल्याचे पाहून वकिलाच्या कपाळावर आठ्या पडतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे, आणि त्याआधी जुन्या कायद्याच्या कलम ६५ ब प्रमाणे, आवश्यक प्रमाणपत्र जोडून असा मजकूर पुराव्यात दाखल करता येतो, ही वकिलाची काळजी खोटी नाही. कोणाला प्रश्न टाकल्यापासून जमीन दलालांचे फोन सुरू होतात. कोणाला ‘एवढेही माहीत नाही का?’ असा टोमणा मिळालेला असतो. आणि काहींना फक्त सवय असते: फोनची जागा भरली की पुसायचे, काम झाले की पुसायचे. व्हॉट्सअ‍ॅपने २०१७ साली पाठवलेला संदेश सर्वांच्या फोनमधून काढण्याची सोय दिली, तेव्हा त्यासाठी सात मिनिटांची मुदत होती; आता ती दोन दिवसांहून अधिक आहे. बोललेले परत घेता येते, ही समजूत एकदा अंगवळणी पडली की ती सगळीकडे लागू होते. (‘माझ्या एका मित्राचा प्रश्न आहे’ अशी सुरुवात करून उत्तर मिळताच गायब होणाऱ्यांत दोन-चार नवखे वकीलही असावेत, असा आमचा जुना संशय आहे, त्यांच्या अशिलांना ते उत्तर विनामूल्य मिळाले असेल अशी आशा करू या.)

पुसणाऱ्याची बाजू अशी खरी असली, तरी नुकसान होते हेही तितकेच खरे. एकाचे उत्तर गेले, एवढ्यावर ते थांबत नाही. जमिनीच्या बाबतीत चुकीच्या समजुती फार पसरलेल्या आहेत आणि त्या उघड चर्चेतच दुरुस्त होतात. फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी मिळाली, ही त्यांतली सर्वांत पक्की समजूत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अशी नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, यापलीकडे तिचा अर्थ जात नाही, आणि फेरफाराने मालकी हक्क निर्माण होत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. नोटरीसमोर केलेले हक्कसोडपत्र चालते, ही दुसरी समजूत. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. वारसाची वर्दी (म्हणजे तलाठ्याला द्यायची खबर) तीन महिन्यांत दिली नाही म्हणजे हक्क बुडाला, ही तिसरी. कलम १४९ मध्ये तीन महिन्यांची मुदत आहे, पण ती वर्दी देण्याची आहे, तिच्यामुळे वारसाहक्क नष्ट होत नाही. उलट जी मुदत खरोखर महत्त्वाची, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केलेल्या नोंदीविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करण्याचे ६० दिवस, ती पुष्कळांना माहीतच नसते. अशा प्रत्येक मुद्द्यावर कोणीतरी चुकीचे सांगतो, कोणीतरी कलम दाखवून त्याला थांबवतो, आणि त्या वादातून वाचणाऱ्याला नेमके उत्तर मिळते. प्रश्नाबरोबर तो वादही जातो. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न नव्याने येतो, आणि या वेळी चुकीचे सांगणारा हजर असतो पण थांबवणारा नसतो.

याहून गंभीर परिणाम मी गेल्या काही वर्षांत पाहतो आहे. तेच ते पुन्हा लिहून कंटाळलेले जाणकार हळूहळू गप्प होतात. मग उरतात ते ‘इनबॉक्समध्ये या’ म्हणणारे. खासगीत दिलेला सल्ला बरोबर आहे की नाही हे तपासायला तेथे तिसरा माणूस नसतो, आणि त्या सल्ल्याचे पैसे किती घेतले गेले हेही कोणाला कळत नाही. उघड्यावर विचारण्याची भीती जितकी वाढेल तितका हा आडबाजूचा धंदा वाढणार.

तेव्हा काय करावे? पुसण्याला बंदी घालावी, अशी सूचना गटांत अधूनमधून येते आणि तिच्यासाठी संगणक क्षेत्रातले उदाहरण दिले जाते. २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर, प्रश्नाखालचे उत्तर स्वीकारले गेले किंवा इतरांनी ते उपयुक्त ठरवले, तर विचारणाऱ्याला तो प्रश्न स्वतः काढता येत नाही. तेथील मजकूर मुक्त परवान्याखाली असतो, एकदा दिला की तो सर्वांचा. त्या नियमामुळे जगभरच्या प्रोग्रामरांना वर्षानुवर्षांची प्रश्नोत्तरे शोधून सापडतात, हे मान्यच केले पाहिजे. पण तेथेही सगळे सुरळीत आहे असे नाही. मे २०२४ मध्ये त्या कंपनीने ही प्रश्नोत्तरे चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला वापरू देण्याचा करार जाहीर केला, तेव्हा संतापलेल्या काही सदस्यांनी आपलीच जुनी उत्तरे बिघडवायला सुरुवात केली, आणि कंपनीने ती पूर्ववत करून त्यांची खाती काही काळ बंद ठेवली. लिहिणाऱ्याचा आपल्या लिखाणावरचा ताबा पूर्ण काढून घेतला की तो असा उफाळून येतो. आणि मुळात, आज्ञावलीतला अर्धविराम कोठे चुकला हे विचारणे आणि सख्ख्या भावाने फसवले का हे विचारणे, यांना एकच नियम लावणे मला अन्यायाचे वाटते. पहिल्या प्रश्नात लपवण्यासारखे फारसे काही नाही. दुसऱ्यात विचारणारीचे सगळे घर आहे.

कायद्याकडे पाहावे तर तेथूनही फारशी मदत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे खरा, पण एखाद्याने स्वतःच आपली माहिती सार्वजनिक केली असेल तर तिला तो कायदा लागू होत नाही, असे कलम ३ सांगते. भावनेच्या भरात गट क्रमांक आणि नावासकट प्रश्न टाकणाऱ्या बाईला या कायद्याचा आधार मिळणे त्यामुळे अवघड आहे. तिच्यासाठी स्वतःच्या बोटाने पुसणे हाच एक हक्क उरतो. तोही आपण गटाच्या नियमाने काढून घ्यायचा का?

या बाबतीत मला युरोपातला एक निकाल फार मार्मिक वाटतो. स्पेनमधील ‘ला व्हॅन्ग्वार्दिया’ या वृत्तपत्राने १९९८ साली थकबाकीपोटी होणाऱ्या मालमत्तेच्या लिलावाच्या नोटिसा छापल्या होत्या. त्यांत नाव असलेल्या एका गृहस्थाचे देणे पुढे मिटले, पण अंकांचे संगणकीकरण झाल्यावर त्याचे नाव गूगलवर टाकले की पहिल्याप्रथम तोच लिलाव दिसू लागला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी निकाल दिला, तो असा की, त्याच्या नावाने शोध घेतल्यावर दिसणारा दुवा गूगलने काढावा; वृत्तपत्राचे पान मात्र जागेवर राहिले. माणूस मोकळा झाला आणि दप्तरही शाबूत राहिले. आपल्याला हवी आहे ती नेमकी हीच विभागणी: नाव सुटावे आणि मजकूर राहावा.

आमच्या महसुली दप्तराची रीत याच्या उलट आहे आणि ती तशीच असायला हवी. सातबाऱ्यावरचे नाव कमी झाले तरी ते खरवडून काढत नाहीत. त्याला कंस होतो, फेरफाराचा क्रमांक पडतो, आणि नाव कोणत्या नोंदीने गेले हे मागाहून कोणालाही पाहता येते. हक्काच्या नोंदीत नाव हाच गाभा असतो. सल्ल्याच्या प्रश्नात मात्र नावाचे काहीच काम नसते, आणि येथेच आम्हा उत्तर देणाऱ्यांचा दोष सुरू होतो. ‘सातबारा टाका, मग सांगतो’ हे वाक्य या गटांत दिवसातून कितीदा लिहिले जाते ते पाहावे. बिचारा विचारणारा सातबाऱ्याचा फोटो टाकतो, त्यात गाव, गट क्रमांक, सगळ्या खातेदारांची नावे, कर्जाचा बोजासुद्धा असतो. कधी आधार कार्डही टाकतो. इतके सगळे चव्हाट्यावर आल्यानंतर त्याला शहाणपण सुचले आणि त्याने ते पुसले, तर तक्रार करण्याचा आम्हाला अधिकार कोणता? हिश्श्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला ज्या गोष्टी लागतात त्या अशा: जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, वडिलांचे निधन कोणत्या वर्षी, मृत्युपत्र आहे का, आधी वाटप झाले असल्यास ते कोणत्या साली आणि नोंदवलेले आहे का, आणि वारसांपैकी कोणी हक्कसोड केली आहे का. यांत गावाचे नाव नाही, गट क्रमांक नाही, माणसाचे नाव तर नाहीच. क्षेत्र चुकल्याचा, म्हणजे महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनातील चूक दुरुस्त करून घेण्याचा प्रश्न असेल, तर मात्र जुना उतारा आणि नवा उतारा समोर ठेवून पाहावा लागतो. तेव्हाही नावे झाकून फोटो टाकता येतो, आणि तसे करायला विचारणाऱ्याला सांगणे आमचे काम आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, नावे आणि कागदपत्रे असलेला प्रश्न जरूर पुसावा, संकोच न करता पुसावा. फक्त त्याआधी उत्तर देणाऱ्याला थोडा अवधी द्यावा, म्हणजे तो आपल्या उत्तराचा गाभा स्वतःच्या जागी, नाव-गाव काढून, पुन्हा लिहून ठेवू शकेल. उत्तरही असे लिहावे की प्रश्न नसला तरी ते वाचता यावे. ‘हो ताई, तुम्हाला मिळतो’ हे उत्तर प्रश्नाशिवाय निरर्थकच नव्हे तर घातक आहे, कारण ते वाचून भलतीच ताई निर्धास्त होईल. ‘वडिलांचे निधन कधीही झालेले असो, जमीन वडिलोपार्जित असेल आणि २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटप झालेले नसेल, तर मुलीचा हक्क कायम आहे’, असे लिहिले तर मूळ प्रश्न गेला तरी बिघडत नाही. फार जुन्या, १९५६ च्या कायद्याआधीच्या मृत्यूंचा प्रश्न वेगळा, तेवढे बजावून ठेवावे. गट चालवणाऱ्यांनी नाव न दाखवता प्रश्न टाकण्याची सोय सुरू ठेवावी. फेसबुकवर ती आहे. मात्र गटाच्या अ‍ॅडमिनला विचारणाऱ्याचे नाव तरीही दिसते, त्यामुळे अ‍ॅडमिन कोण आणि कोणाच्या भावकीतला, हाही प्रश्न उरतोच.

बिननावी प्रश्नाची ही सोय मराठी नियतकालिकांना नवी नाही. ‘एक वाचक’ म्हणून किंवा नुसत्या आद्याक्षरांनी छापलेले प्रश्न, त्यांना डॉक्टरांनी आणि वकिलांनी दिलेली उत्तरे, हे आपल्या वृत्तपत्रांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या ज्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली जात, ते घरात कुजबुजायलाही लोक धजत नसत. त्या उत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरीही निकाल विरुद्ध गेला आणि दंड झाला. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, त्या सगळ्या प्रकरणात झळ सोसली ती उत्तर छापणाऱ्या संपादकाने. समाजमाध्यमांवर आज नेमके उलटे झाले आहे: उत्तर देणाऱ्याला शाबासकी मिळते, आणि जोखीम सगळी विचारणाऱ्याच्या गळ्यात.

आपल्या दैनिकाने या जुन्या प्रथेला जमिनीच्या प्रश्नांसाठी थोडी जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे. आठवड्यातून एकदा दोन किंवा तीन प्रश्न पुरेत. ते पोस्टाने, नावाशिवाय आलेले असले तरी स्वीकारावेत, गावांची व माणसांची नावे संपादकीय विभागाने काढावीत, आणि उत्तरे एखाद्या वकिलाकडून व एखाद्या निवृत्त महसूल अधिकाऱ्याकडून तपासून, कलम व वर्ष देऊन छापावीत. सुरुवात हक्कसोडपत्रापासून करावी, कारण ते एकदा नोंदवले गेले की ते रद्द करून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते, आणि सही करण्यापूर्वी हे वाचायला मिळाले तर काही जणींची ती फेरी तरी वाचेल.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त मंडळ अधिकारी
जि. सातारा